घेवड्याची साक्ष

६ मे

जावईबापू,

हा शब्द लिहून खोडणार होतो. मग विचार केला, कोर्टानं तुमचं आणि आमच्या पोरीचं नातं मिटवलं असेल, पण तुमचं-माझं मिटवल्याचा कागद मला अजून कोणी दाखवलेला नाही. तेव्हा दुसरं काही सुचेपर्यंत जावईबापूच.

पत्र का, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मला तुमचं ऐकू येणार नाही आणि माझं बोलणं चार घरांना ऐकू जाईल. त्या चारातलं पहिलं घर आमचंच. तुम्ही गेल्यापासून इथं तुमचा विषय निघत नाही. बाईसाहेबांनी, म्हणजे पोरीनं, तसं बजावलेलं नाही, पण विषय निघाला की त्या उठून भांडी घासायला लागतात, आणि आमची भांडी आधीच फार झिजली आहेत. म्हणून उत्तर घरी पाठवू नका. पाकिटामागे बाजारातल्या न्हाव्याच्या दुकानाचा पत्ता लिहिलाय, तिथं पाठवा. तो विश्वासाचा माणूस आहे. माझ्या डोक्यावर काही उरलेलं नसतानाही तो दर वेळी तेवढ्याच गांभीर्यानं कात्री चालवतो.

आता मुद्द्याचं. पोरीची वेल आजारी आहे.

कुठली वेल ते तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी आमच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा नव्हती, कारण डबेच्या डबे भरून ओल्या वाळूत द्राक्षाच्या बिया झोपल्या होत्या. मी कुरकुर केली तेव्हा तुम्ही समजावलंत, की बीमध्ये तिला झोपवून ठेवणारं एक द्रव्य असतं, थंडीत ते हळूहळू ओसरतं, आणि मग जिबरेलिन नावाचं दुसरं द्रव्य तिला हलवून उठवतं. मी म्हटलं, मग तुमच्या बायकोलाही रात्री फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी लवकर उठेल. तुम्ही हसलात, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या बियांतून उठलेल्या रोपांतलं एकच रोप तिच्या मनाला आलं. लवकर पिकणारं, पातळ सालीचं, पावसात न सडणारं. तुम्ही गेल्यानंतर तिनं त्याच्याच काड्या लावून शेडमागं मातृवेलींच्या ओळी उभ्या केल्या. पूर्ण खात्री झाल्याशिवाय एक काडीही कोणाला द्यायची नाही, हा तिचा हट्ट. यंदा खात्री झाली. यंदाच्या थंडीत पहिल्या काड्या बागायतदारांना जायच्या होत्या. म्हणजे आज ही जात साऱ्या जगात फक्त आमच्या शेडमागं आहे.

आणि आता तिची पानं वेडीवाकडी आलीत. पान पसरतच नाही. शिरा एकमेकींना चिकटून सरळ रेषेत धावतात, कडा करवतीसारख्या, आणि सगळं पान अर्धवट मिटलेल्या पंख्यासारखं दिसतं. रोपवाटिका तपासणारे साहेब येऊन गेले. म्हणाले, पंखापानाचा विषाणू दिसतोय, औषध नाही, उपटून जाळलेलं बरं. नमुना प्रयोगशाळेत गेलाय, पण तिथं रांग मोठी आहे आणि तोवर शेजारच्या बागांना लागण झाली तर काय, ही पोरीची धास्ती. तिनं महिनाअखेरीला ट्रॅक्टरवाल्याला सांगितलंय. मी म्हटलं, निकाल येईपर्यंत तरी थांब. ती म्हणाली, "बाबा, रोगट बाग ठेवून मी शेजाऱ्यांच्या तोंडाकडे कशी बघू?" तिचं चूक आहे असं मला म्हणता येईना. ती रडत नाही, नुसती कामं उरकत असते. हे मला बघवत नाही.

मी जन्मभर कलमं बांधली. पण आजारी पान बघून आतलं सांगणारा माणूस मी एकच पाहिला. पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा फुलं आणायची सोडून तुम्ही मुळं फुटायच्या पावडरची डबी घेऊन आला होतात. मी ऐटीत सांगितलं, आमच्याकडे असली विलायती पावडर लागत नाही, आम्ही नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडाच्या फांद्या भिजवलेल्या पाण्यात काड्या ठेवतो. दुसरा कोणी पदवीवाला असता तर गालात हसला असता. तुम्ही ते पाणी बोटानं चाखलंत आणि म्हणालात, "बाबा, तुमच्या पाण्यात आणि माझ्या डबीत एकाच घराण्याची माणसं आहेत." त्या दिवशी मी पोरगी तुम्हाला देऊन टाकली होती, पोरीला विचारायचं राहिलं होतं एवढंच. त्या एका वाक्याचे आभार मी कधी मानले नाहीत. ते आज मानतो, आणि लगेच हात पसरतो. काही सुचत असेल तर सांगा.

तुमचा
सासरा (हेही तूर्तास)

१४ मे

जावईबापू,

तुमचं पत्र मिळालं. न्हाव्यानं ते माझ्या गळ्याभोवतीच्या कापडाखाली सरकवलं, जणू आम्ही दोघं मिळून बँक लुटणार आहोत. आभार पहिल्यांदा, बाकी मागून. एवढ्या तातडीनं उत्तर द्यायचं तुम्हाला काही बंधन नव्हतं.

तुम्ही विचारलंत की वेलींखालचं तण कसं आहे. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तसं. गुडघे टेकून बघितलं. रुंद पानांचं जे जे तण आहे त्याचे देठ पिळल्यासारखे झालेत, माना वाकड्या. गवत मात्र मजेत आहे. तुम्ही लिहिलंय की द्राक्षाचा विषाणू तणाच्या वाटेला जात नाही. मी तिथंच मातीत बसून राहिलो. बाईसाहेबांनी लांबून ओरडून विचारलं, "बाबा, पडलात का?" मी म्हटलं, "बसलोय." त्या म्हणाल्या, "तिथं काय बसायची जागा आहे?"

दुसरा प्रश्न, फवारणीच्या पंपातून त्याआधी काय गेलं होतं. तेही सांगतो. वेली फुटायच्या सुमाराला पोरीनं रस्त्याकडेच्या तणावर टू-फोर-डी मारलं होतं. तणनाशकाचा पंप आमच्याकडे निराळा आहे, पण त्याची दांडी नेमकी तेव्हाच मोडली, म्हणून वेलींचाच पंप वापरला. नंतर धुतला. तीनदा धुतला, मी स्वतः पाहिलंय. मग पालवी आल्यावर त्याच पंपातून वेलींना जस्ताची फवारणी केली.

तुमचा संशय आधीच त्याच्यावर होता, म्हणून तुमच्या पत्रातला पुढचा भाग मी दोनदा वाचला. टू-फोर-डी हेही ऑक्सिनच, म्हणजे झाडाला वाढायला सांगणारं द्रव्य, आपल्या मुळांच्या पावडरचा चुलतभाऊ. चिमूटभर असलं तर काडीला मुळं फोडतं, झाडावरचं फळ गळू देत नाही. तेच भरमसाट झालं की रुंद पानांच्या झाडाला कसं वाढायचं तेच कळेनासं होतं, आणि ते पिळवटून मरतं. अति तिथं माती म्हणतात, ती म्हण ज्यानं केली तो बहुधा रोपवाटिकेतच कामाला असावा. आणि हे द्रव्य पंपाच्या नळीत, रबरात मुरून बसतं, साध्या पाण्यानं निघत नाही, आणि द्राक्षाला त्याचा नुसता वास पुरतो, हे मला ठाऊक नव्हतं. पोरीलाही नसणार. ठाऊक असतं तर तिनं तो पंप वेलींजवळ नेलाच नसता.

तुम्ही बजावलंय की खात्री होईपर्यंत तिला आशा दाखवू नका, खरोखरच विषाणू निघाला तर ती दुसऱ्यांदा मोडेल. पटलं. म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे घेवडा पेरलाय. दोन डबे, माती एकाच ढिगातली, न्हाणीघराच्या खिडकीत. दोन-दोन पानं फुटली की एकावर मगातलं साधं पाणी शिंपडायचं आणि दुसऱ्यावर त्या पंपातून साधंच पाणी मारायचं. पोरीनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, भाजीसाठी. ती म्हणाली, "दोन डब्यांत किती भाजी होणार?" मी म्हटलं, "माझी भूक कमी झालीय."

थापा मारायची सवय नसल्यामुळे मला घाम फुटतो. पण तुमच्यामुळे सकाळी उठल्यावर बघायला काहीतरी आहे. ट्रॅक्टरवाला सोमवारी म्हणजे सत्तावीसला येतोय.

तुमचा
सासरा

२४ मे

जावईबापू,

चार ओळीच लिहितो.

मगातल्या पाण्याचा घेवडा शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखा ताठ उभा आहे. पंपाच्या पाण्याच्या घेवड्यानं मान टाकलीय. देठ पिळलाय, नवं पान चुरगळलंय. दोन्ही डबे शेजारीशेजारी ठेवून बघितले, चष्मा पुसून परत बघितले.

जीव भांड्यात पडला म्हणावं, तर तसंही नाही. वेलींचं दुखणं सापडलं, पण पंप वेलींवर कोणी चालवला हे आता पोरीच्या तोंडावर सांगायचं आहे. आणि हे मला कोणी शिकवलं, हेही. पहिलं ऐकून तिला जास्त लागेल की दुसरं ऐकून, सांगता येत नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत सोमवार उलटून जाईल, तेव्हा तुम्हाला न विचारताच बोलणार आहे. तुमची पत्रं दाखवावी लागली तर दाखवीन. रागावू नका.

तुमचा
सासरा

२८ मे

जावईबापू,

वेली जागच्या जागी आहेत. हे आधी सांगतो, म्हणजे बाकीचं तुम्ही सावकाश वाचाल.

सोमवारी सकाळी ती चहा घेत होती. मी दोन्ही डबे आणून तिच्यापुढं ठेवले.

"बाबा, टेबलावर माती!"

"असू दे. हा मगातलं पाणी प्यायला. हा आपल्या पंपातलं. दोन्ही पाणी एकाच नळाचं."

तुम्ही तिला ओळखता. मला पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं वाकड्या घेवड्याचं पान दोन बोटांत धरलं, उलटं करून बघितलं आणि कप खाली ठेवला. मग तिच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं ते मला लिहिता येणार नाही.

"मी तीनदा धुतला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तीनदा, बाबा."

"माहीत आहे ग."

मग तिनं नजर वर केली. "घेवडा पेरायला कोणी सांगितलं?"

"काय म्हणालीस?"

"बाबा, बहिरेपणा आत्ता नको. कोणी सांगितलं?"

"पावडरवाल्यांनी."

मला वाटलं, उठेल आणि भांडी घासायला लागेल. उठली नाही. म्हणाली, "आणखी काय काय म्हणाले?" मी कोटाच्या आतल्या खिशातून तुमची दोन पत्रं काढून दिली. ती घेऊन ती शेडमागं गेली. मी खिडकीतून बघत होतो. वेलींच्या ओळीत उभ्यानंच वाचलं तिनं. पहिलंच पत्र वाचताना एका जागी थांबली, आणि तिथून पुढं किती तरी वेळ ती हललीच नाही.

कुठली जागा ते मला नंतर कळलं. ट्रॅक्टरवाला आला तेव्हा ती तोंड धुऊन, केस बांधून दारात उभी होती. त्याला म्हणाली, "चहा घ्या आणि जा. काही उपटायचं नाहीये." तो कुरकुरला, की माझी सकाळ फुकट गेली. ती म्हणाली, "माझी फुकट गेली नाही, म्हणून चहाबरोबर बिस्किटंही घ्या." या घरात फार दिवसांनी कोणी असं बोललं. चोर सोडून संन्याशाला फाशी देता देता आम्ही थांबलो होतो, आणि संन्याशाच्या वतीनं बिस्किटं वाटत होतो.

तो गेल्यावर तिनं तुमचं पत्र उघडून मला तेवढाच भाग वाचून दाखवला. मोठ्यानं, मला ऐकू जाईल असा. "तिनं पंप धुतला नसेल असं क्षणभरही समजू नका. तिनं तीनदा धुतला असणार. चूक तिची नाही, पाण्यानं ते निघतच नाही."

तिनं कागदाची घडी घातली. म्हणाली, "बाबा, हे तुम्ही त्यांना आधी सांगितलं होतं का, की मी तीनदा धुतला?"

मी म्हटलं, "नाही ग. मी पंपाबद्दल लिहिलं त्याच्या आधीचं पत्र आहे ते. तारीख बघ."

तिनं तारीख बघितली. मग मात्र ती रडली. वेल जाणार म्हणून जे रडायचं राहिलं होतं तेही त्यातच आलं असावं. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. दुसरं काय करणार?

जावईबापू, माझी वेल वाचवल्याबद्दल आभार, असं मी लिहायला बसलो होतो. पण वेलीपेक्षा त्या एका ओळीचे आभार जास्त आहेत. माणसं एकमेकांपासून वेगळी होतात तेव्हा बहुतेक जण एकमेकांचे दोष तेवढे पाठ करून जातात. तुम्ही तिचं पंप धुणं लक्षात ठेवलंत.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "आता कळलं, डोक्यावर केस नसताना तुम्ही न्हाव्याकडे का पळत होतात." तेव्हा यापुढं घरच्या पत्त्यावर लिहायला हरकत नाही. न्हावी नाराज झालाय.

तुमचा
सासरा

३ जुलै

जावईबापू,

नवी पानं सरळ आली. तुम्ही म्हणाला होतात तसंच, आधीची वाकडी पानं वाकडीच राहिली, पण त्यांच्या वरची रुंद, हिरवी, हाताच्या पंजाएवढी. मी रोज एक पान तळहातावर ठेवून बघतो. पोरगी म्हणते, "बाबा, त्यांना वाढू द्या, सारखं हात लावू नका."

प्रयोगशाळेचा निकालही आला. विषाणू नाही. साहेबांनी स्वतः फोन केला आणि चांगलं वाटलं म्हणाले. दोष त्यांना देत नाही, विषाणूचं पान आणि तणनाशकाचं पान शेजारी ठेवलं तर मलाही फरक सांगता येणार नाही. पोरीनं त्यांना घेवड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि ही युक्ती कोणाची म्हणून विचारलं. मी जवळच होतो. ती तुमचं नाव घेऊन, अगदी पदवीसकट म्हणाली, "आमच्या ओळखीचे आहेत." एवढंच. पण भांडी घासायला उठली नाही.

जुना पंप आता फक्त तणासाठी. तिनं त्याच्यावर तांबड्या रंगानं एवढ्या मोठ्या फुल्या मारल्यात, की तो पंप नसून युद्धातून आलेला कोणी वाटतो. वेलींसाठी नवा घेतलाय. तोंड पोळल्यावर ताक फुंकणारी ती, तर नव्या पंपाच्याही पाण्यानं आधी घेवड्याची परीक्षा घेतली. त्यामुळं या वेळी खरोखरच थोडी भाजी झाली.

यंदा फळ धरलं नाही, वेलींना विश्रांती दिली. तुमची तब्येत सांभाळा. तुमच्या पत्रात खोकल्याचा उल्लेख होता. पोरीनं विचारलंय, अजून आहे का.

तुमचा
सासरा

१९ जानेवारी

जावईबापू,

या पत्राबरोबर एक पुडकं येतंय. पत्राआधी ते उघडलं असेल तर हरकत नाही, मीही तेच केलं असतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या आहेत. पोरीच्या वेलीच्या.

छाटणी झाली. काड्या अशा उत्तम आल्यात की गेल्या वसंतात त्यांचं काय झालं होतं हे सांगूनही कोणाला पटणार नाही. बागायतदारांना द्यायच्या जुड्या बांधून झाल्यावर ती चांगल्यांतल्या चांगल्या निवडून बाजूला ठेवायला लागली. मी विचारलं, या कोणाला? ती म्हणाली, "बाबा, एवढी वर्षं मी ही वेल कोणालाच दिली नाही. जिवापाड जपली म्हणून एकाच जागी राहिली, आणि एकाच जागी होती म्हणून एका सकाळीत संपणार होती. बागायतदार फळासाठी लावतील, उद्या भाव पडला की उपटतील. एक ओळ दुसरीकडे हवी, आणि नीट सांभाळणारा माणूस हवा."

मी आसपासच्या दोन-तीन रोपवाटिकावाल्यांची नावं घेतली. चांगले आहेत बिचारे.

ती म्हणाली, "नाही. त्यांना पाठवा."

कोणाला, असं मी विचारलं नाही. कान गेलेत, पण बाकी शाबूत आहे.

मला यातून भलतं काही सुचवायचं नाही. तुमचं तिथं काम आहे, तिचं इथं आहे, आणि तुम्हा दोघांचं का बिनसलं ते मी तेव्हाही विचारलं नाही, आताही विचारणार नाही. मला एवढंच दिसतं, की तिच्या हातून जगात जे सगळ्यात चांगलं घडलं ते तिला कोणाकडे तरी ठेवायचं होतं, आणि तिला एकच माणूस आठवला. म्हाताऱ्या बापाला याहून जास्त समाधान लागत नाही. तुमचे उपकार या घरावर आहेत, आणि ते फेडायची मला अजिबात घाई नाही.

पुडकं बांधताना मी म्हटलं, "मुळांची पावडरही घालायची का?" तर म्हणाली, "त्यांच्याकडे डबी असेलच, तिच्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत." मग परत आत गेली, परत आली, गाठ सोडली, काड्या पुन्हा तपासल्या. शेवटी दाराशी उभी राहून मला म्हणाली, "त्यांना लिहा, प्रत्येक काडीचं वरचं टोक तिरकं कापलंय आणि खालचं सरळ. ऑक्सिन वरून खाली उतरतं आणि मुळं खालच्याच टोकाला फुटतात, यावर ते तासभर बोलतील. पण लावताना उलटी लावतील. प्रोफेसर आहेत."

आणि हसली.

एवढ्या वर्षांत तिनं तुमची केलेली ही पहिली थट्टा आहे. वाटेत कुठं सांडू नये म्हणून जशीच्या तशी लिहून पाठवतोय.

तुमचा
सासरा